दोन चिठ्ठ्या आणि एक थप्पड

मंगळवार, १८ मार्च २०२५. सकाळी १०.५५.

आज सकाळी ठीक १० वाजून ४० मिनिटांनी, माझ्याच घराच्या व्हरांड्यात, मला, सौ. रागिणी महादेवराव गावंडे, वय ६६, निवृत्त शाखाधिकारी, डाव्या गालावर थप्पड मारण्यात आली. मारणारी दामिनी. आमच्याकडे एकोणीस वर्षं धुणीभांडी करणाऱ्या पार्बताबाईची मुलगी. ज्या हाताला मी ए बी सी डी गिरवायला शिकवलं, तोच हात. फळ मिळालं.

गाल तापलाय. कानात बडनेऱ्याला एक्सप्रेस शिरावी तशी शिटी चालू आहे.

मी काहीही केलेलं नव्हतं. आठवण ताजी आहे तोवर लिहून ठेवते.

दुपारी ३.

पार्श्वभूमी. पुढे कोर्टात लागेल.

नांदगाव पेठेच्या एका कापड कंपनीत ट्रेनी सुपरवायझरच्या चाळीस जागा निघाल्या. माझ्या दिरांचा किशोर तिथे एचआरमध्ये आहे. त्याने मला दोन चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठी म्हणजे त्याचं कार्ड, मागे सही. चिठ्ठीवाला ऑफिसच्या दाराने आत जातो, एसीत बसतो, बिस्किट खातो, मुलाखत देतो. बाकीचे मागच्या कामगार गेटाने. याला कोणी वशिला म्हणेल. वशिला हलक्या लोकांचा असतो. चांगल्या घरातून जातो तो रेफरन्स.

एक चिठ्ठी दामिनीला देईन असं दिवाळीत म्हटलं होतं. वचन नव्हे. "बघू" म्हटलं होतं. "बघू"च्या आधी "नक्की" म्हटलं असेल.

पण वाटप करताना साधकबाधक विचार करावा लागतो. पहिली चिठ्ठी अकोल्याच्या माझ्या बहिणीच्या श्यामला दिली. हुशार आहे, फक्त पास होत नाही. दुसरी माझ्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासमधल्या माया इंगळेला. गोड मुलगी. पहिल्याच दिवशी विचारलं, इंगळे कुठले? म्हणाली, दर्यापूरकडचे. म्हटलं, वा, बहिणीच्या सासरी तिकडचेच इंगळे आहेत. माणसाचं वळण कळतं. मी जातपात अजिबात मानत नाही. फक्त गाव आणि आडनाव विचारते.

काल मुलाखती झाल्या. कामगार गेटावर नऊशे जण आले म्हणे. गेट पडलं. गार्डांनी काठ्या चालवल्या. दामिनीच्या कपाळावर बसली एक, पाच टाके. ती सरकारी दवाखान्यात, इकडे मुलाखती संपल्या. आज डोक्याला बँडेज बांधून ही माझ्या दारात. म्हणते, "मॅडम, माही चिठ्ठी कोणाले देली?"

मी शांतपणे समजावून सांगत होते. तिने मारलं.

बुधवार, १९ मार्च. सकाळी ८.

पार्बताबाई आली नाही. सिंक भरलंय.

निश्चय. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत दामिनीने लेखी, बिनशर्त माफी मागावी. मसुदा तयार. इंग्रजीत केला, कारण इंग्रजी तिला मीच शिकवलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसवून, तीन वर्षं, फुकट. आत का नाही बसवलं असं मागे एकदा ह्यांनी विचारलं होतं. उंबऱ्याशी वारा येतो.

दुपारी १२.

ह्यांना नोटीस घेऊन वस्तीत पाठवलं. जाण्याआधी महादेवराव चपला घालताना म्हणतात, "पन तू नव्हतं मारलं काय तिले आधी? मी तं आतून आवाज आयकला ठण्णकन."

तो ग्लासचा आवाज. स्टीलचा ग्लास माझ्या हातून निसटला होता. लाल नेलपॉलिशच्या ठिपक्याचा तो ग्लास, खिडकीत पालथा असतो तो. पार्बताबाईच्या चहाचा. ठिपका निव्वळ स्वच्छतेसाठी आहे. एकोणीस वर्षांत तिला त्याचं काही वाटलं नाही.

"निसटून सहा फूट गेला काय?" हे.

तेवढ्यात कुकरचं झाकणही माझ्या हातून निसटलं. ह्यांनी वेळेवर मान खाली घातली. निवृत्तीनंतरही चपळ आहेत.

दुपारी २.

हे परत आले. पार्बताबाईने नोटीस दोन्ही हातांनी घेतली आणि चुलीशेजारी ठेवली म्हणे. मग ह्यांना सोमवारची सगळी हकीकत सांगितली. "गेट आलं ना साहेब खाली, लोखंडाचं! एका पोरीची वेनी फसली त्याच्यात. वढत राहिले लोक. अन् हे गार्ड वरून झोडपून राहिले. पोरगी म्हने, मी चिठ्ठीवाली आहो, माह्या मॅडमनं चिठ्ठी ठेवली आहे माह्यासाठी. गार्ड म्हने, घे चिठ्ठी. अन् देली डोक्यावर."

हे ऐकून मला वाईट वाटलं. गार्डांना प्रशिक्षण नसतं.

हे तिथे चहा पिऊन आले. कशात प्यायलात विचारलं तर म्हणाले, कपात.

गुरुवार, २० मार्च.

मनगट दुखतंय. भांड्यांमुळे. कढई घासताना मी तिच्या जागी अमुक एक चेहरा आणला, त्याने जोर येतो. कढईला पोचा पडला.

एक दुरुस्ती. ग्लास निसटला तो साधारण तिच्या दिशेने निसटला. लागला नाही. बँडेजलाच लागला.

अकोल्याच्या बहिणीला फोन केला, श्यामची मुलाखत कशी झाली. ती म्हणाली, तो गेलाच नाही वं ताई, त्याला उठायला उशीर झाला, आणि नांदगाव पेठेत धूळ फार. सुपरवायझर म्हणजे दिवसभर उभं राहायचं, आपल्या घरात कोणी उभं राहून काम केलंय का?

म्हणजे एसीतली एक खुर्ची रिकामी राहिली. बिस्किटं कोणी खाल्ली कोण जाणे. हे दामिनीला कळवण्याची आवश्यकता नाही.

शुक्रवार, २१ मार्च. सकाळी ११.

माया इंगळे पेढे घेऊन आली. निवड झाली. मी म्हटलं, बघ, चांगल्या घरातल्या मुलीला थोडा आधार मिळाला की काय होतं. तिने पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला, उभीच राहिली. म्हणाली, "मॅडम, एक सांगू? दामिनी माझी आतेबहीण आहे. पार्बताआत्या माझ्या बाबांची सख्खी बहीण. तुमच्या क्लासला दामिनीनंच पाठवलं होतं मला. म्हणाली, मॅडम चांगल्या शिकवतात, फक्त सांगू नको कोणाची आहे ते."

मी हातातला पेढा डब्यात परत ठेवला.

पार्बताबाई माहेरची इंगळे! एकोणीस वर्षांत तिचं आडनाव विचारायची वेळच आली नव्हती. मी अख्ख्या अमरावतीला आडनाव विचारते.

मी म्हटलं, तू मला फसवलंस. ती म्हणाली, "तुम्ही गाव विचारलं, मी गाव सांगितलं. पुढचं तुम्हीच बोलत गेलात, मॅडम." वर म्हणाली, "चिठ्ठी दामिनीची होती हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर घेतली नसती. मी राहते आत्याकडेच, आता रात्री तिच्या टाक्यांकडे बघत जेवते." आणि इतक्या शुद्ध उच्चारात "थँक यू फॉर एव्हरीथिंग" म्हणून गेली की शिकवणारीला अभिमान वाटावा. वाटला नाही.

दुपारी १२.

चार महिने ही मुलगी क्लासनंतर माझ्या बोन चायनाच्या कपातून चहा पीत होती. सहा कपांपैकी कोणत्या, हे लक्षात नाही.

दुपारी १२.२०.

सहाही फोडले. मागच्या भिंतीवर, एकेक करून. बश्यासुद्धा. पाचव्या कपाला जरा बरं वाटायला लागलं. सहावा निव्वळ सेट पूर्ण व्हावा म्हणून. शेजारच्या कंपाउंडवरून कुणीतरी विचारलं, काय झालं हो काकू? म्हटलं, स्वच्छता.

तळपायात तुकडा गेला. रक्त. याचाही नोटिशीत उल्लेख करावा.

संध्याकाळी ६.०५.

मुदत संपली. माफी नाही.

शनिवार, २२ मार्च. सकाळी ११.

लंगडत पोलीस ठाण्यात. तक्रार लिहून घ्यायला महेजबीन नावाच्या बाई बसल्या होत्या, हेड कॉन्स्टेबल, तिशीच्या, खाली मान घालून लिहिणाऱ्या. त्यांना प्रभावित करावं म्हणून थर्मासमधला चहा पुढे केला. नको म्हणाल्या. माझ्या हातचा चहा नाकारतात! माणसाने माणसाच्या भांड्याला असं नाकारावं? मी अर्धं मिनिट संतापाने बघत राहिले. मग त्या म्हणाल्या, "रोजा आहे, मॅडम." ठीक आहे.

विचारलं, आधी हात कोणी उचलला? म्हटलं, तिने. विचारलं, पुरावा? म्हटलं, आहे! पार्बताबाई पिशवीतून काय नेते त्यावर लक्ष असावं म्हणून मागच्या वर्षी मी व्हरांड्यात कॅमेरा बसवला. आवाजासकट. सोमवारी पेन ड्राइव्ह आणून देते.

तक्रार चार पानी दिली. माझा चांगुलपणा सिद्ध व्हावा म्हणून दोन्ही चिठ्ठ्यांचा सविस्तर वृत्तांत जोडला. किशोरचं नाव, हुद्दा, कार्डाचा रंग, कोणाला दिली, का दिली. माझ्या शिफारशीने त्यांच्यातल्याच एका मुलीला नोकरी लागली हेही ठळक लिहिलं. याहून मोठा पुरावा काय असतो मनाच्या मोठेपणाचा?

तिन्ही प्रतींवर पोच घेतली. एक प्रत कंपनीच्या मॅनेजिंग डायरेक्टरना रजिस्टर्ड पोस्टाने. मायाची निवड रद्द करावी असं कव्हरिंग लेटरमध्ये स्वतंत्र कळवलं. दोन्ही गोष्टींत विसंगती नाही.

सोमवार, २४ मार्च. दुपारी ४.

लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

पेन ड्राइव्ह मी आधी पाहिला नव्हता. सत्य माहीत असलेल्या माणसाला पाहायची गरज नसते. महेजबीनबाईंनी तो ठाण्याच्या मोठ्या स्क्रीनवर लावला. सगळा स्टाफ जमला. दोन आरोपीसुद्धा बाकावरून उठून पुढे आले.

१०.३८. दामिनी पायरीखाली उभी. हात मागे.

१०.३८.२०. ग्लास. निसटत नाही. चांगला नेम धरून जातो. बँडेजवर लाल डाग वाढतो.

१०.३८.४०. माझ्या हातात लाकडी पट्टी. अकोल्याच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर ॲग्नेसने निरोपाला दिलेली, पितळी कडेची. क्लासमध्ये मी ती फक्त टेबलावर आपटते. स्क्रीनवर टेबल नव्हतं. एक खांद्यावर. एक उचललेल्या हातावर. एक पुन्हा कपाळावर, तिथेच. टाका उसवताना आवाज येत नाही, पण बाकावरचा एक आरोपी म्हणाला, "आईऽऽ."

आणि माझा आवाज. मी संतापले तरी शुद्ध बोलते अशी माझी समजूत होती. स्क्रीनवरची बाई म्हणत होती, "चिठ्ठी मागून राहिली माह्यापाशी! चिठ्ठी घरच्या लेकराले असते, भांडेवालीच्या पोरीले नाही! तुमाले उंबऱ्यापर्यंत येऊ देलं हेच चुकलं माह्यं!"

१०.४०. दामिनी पट्टी धरते, काढून घेते, बाजूला ठेवते. मोडतसुद्धा नाही. मग एक थप्पड. एकच. आणि जाते.

महेजबीनबाईंनी स्क्रीन बंद केला आणि म्हणाल्या, "वेळ बरोबर लिहिली होती तुम्ही, मॅडम. दहा चाळीस."

मशीनमध्ये आवाज बदलतो.

मंगळवार, २५ मार्च.

कायदा समजावून घेतला. महेजबीनबाई घरी आल्या होत्या. एक कायदा आहे म्हणे, त्यात जामीन सहज मिळत नाही. त्या मुलीने तक्रार द्यायची की नाही, हे आता तिच्या हातात. मी म्हटलं, मी तर जात मानतच नाही, हा कायदा मला कसा लागू होईल? त्या व्हरांड्याच्या खिडकीतल्या ग्लासाकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "हा ठिपका कशाचा?"

म्हटलं, ओळखीचा.

त्या म्हणाल्या, "माझी आई, सुरैय्या, लहानपणी एका वकिलाच्या घरी जायची कशिदा द्यायला. तिचा पण होता. हिरवा ठिपका." मग वही मिटली. त्या गेल्यावर उत्तरं बरीच सुचली.

बुधवार, २६ मार्च. रात्री ९.

किशोर आला. बसला नाही. "काकू, तुम्ही एमडीले चिठ्ठ्यांचा वृत्तांत पाठवला? रजिस्टर्ड पोस्टानं? माह्या नावासकट?"

म्हटलं, तुझं किती कौतुक केलंय बघ त्यात, उदारमनस्क शब्द वापरलाय.

गेट पडल्याचा व्हिडिओ जिल्हाभर फिरतोय. अकरा जण जखमी. एका मुलीची दोन बोटं गेली. कंपनीत चौकशी लागली आहे आणि दोन दारांनी मुलाखती झाल्याचा लेखी पुरावा कुठेच नव्हता. कालपर्यंत. आता चार पानी आहे, पोचसह. किशोर सस्पेंड.

त्याने जाताना दरवाजा असा आपटला की चौकटीवरचं तोरण खाली आलं. खिळ्यासकट. खिळा माझ्या डोक्यात. वीट लागल्यासारखं. सिस्टर ॲग्नेस म्हणायची, पेन क्लिअर्स द माइंड. माझं काही क्लिअर झालं नाही.

ही नवी पिढी कृतघ्न आहे. १९८२ साली मी बँकेत लागले तेव्हा कुठे होत्या चिठ्ठ्या? निव्वळ मेरिट. मामा बँकेच्या संचालक मंडळावर होते, पण त्यांनी चेअरमनना फोन केला तो तब्येत विचारायला. आणि माझी मुलाखत घ्यायची राहून गेली ती त्यांच्या गडबडीमुळे.

शुक्रवार, २८ मार्च. संध्याकाळी ५.

ठाण्यात समझोता. एका बाजूला मी आणि हे. दुसऱ्या बाजूला दामिनी, पार्बताबाई. दामिनीच्या कपाळावर आता सात टाके. दोन माझ्या नावचे.

ती माझ्याकडे न बघता महेजबीनबाईंशी बोलली. "ताई, मले केस नाही करायची. कोर्टाच्या तारखा अन् नोकरीची ड्यूटी, दोन्ही एकटीनं कशा करू? मले नोकरी पाहिजे. मी बी.कॉम. आहो, टेक्स्टाइलचा डिप्लोमा आहे, माह्ये मार्क मायापेक्षा जास्त आहेत. मले फक्त यायनं लिहून द्यावं."

काय लिहून द्यावं? दोन गोष्टी. चिठ्ठी तिला कबूल केली होती आणि ती ज्याला दिली त्या श्यामची खुर्ची रिकामीच राहिली, हे तिला कंपनीच्या चौकशीतून कळलं होतं. आणि दुसरं, मंगळवारी काय झालं ते.

मी पेन काढलं. लिहिलं, "सदर दिवशी घडलेल्या अनुचित प्रकाराबद्दल खेद वाटतो." इंग्रजीत याहून सुंदर होतं. दामिनीने कागद वाचला, परत सरकवला. "अनुचित प्रकार पायानं चालत आला होता काय, मॅडम? लिहा, मी मारलं."

मी लिहिलं, "माझ्याकडून हात उचलला गेला."

परत. "आपोआप नसते उचलत हात. मी मारलं."

चार कागद गेले. पाचव्यावर ह्यांनी माझ्या कोपराला हळूच ढोसलं. "लिही वं. चार अक्षरं तं आहेत." पार्बताबाई पदर तोंडाला लावून जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, तिने मध्ये पडावं. "जाऊ दे ना दामिनी, बाई मोठ्या आहेत" असं म्हणावं. एकोणीस वर्षांत ती हेच म्हणत आली. आज म्हणाली नाही.

मी मारलं.

लिहिलं. सही केली. गाल परत गरम झाला. दोन्ही.

लेखी माफी शुक्रवारीच झाली, एवढं समाधान. फक्त सही माझी.

रविवार, ३० मार्च. गुढीपाडवा.

गुढी मी एकटीने उभारली. काठी निसटून शेजाऱ्यांच्या गाडीच्या काचेवर. काच फुटली. ही मात्र खरंच निसटली, पण ह्यांनी आता माझ्यावर विश्वास ठेवायचं बंद केलंय.

अकोल्याची बहीण फोन उचलत नाही. श्यामचं नाव चौकशीत आलं. आपल्या घराण्याचं नाव पोलिसांच्या कागदात ताईनेच घातलं, असं ती सगळ्यांना सांगतेय.

नवीन कामवालीची चौकशी केली. तिघी येऊन गेल्या. पहिलीने व्हरांड्यातला कॅमेरा पाहिला आणि म्हणाली, ठाण्यातून फोनवर आलेला तो मारायचा व्हिडिओ याच घरचा होय काय? दुसरीने ग्लास पाहिला. तिसरी पायरीपर्यंतच आली. म्हणाली, "काकू, पट्टी कुठी ठेवता तुमी?"

गुरुवार, ३ एप्रिल.

कंपनीने गेटात जखमी झालेल्या सगळ्यांच्या मुलाखती नव्याने घेतल्या. एकाच दाराने. माझं पत्र फाईलवर लावून. मायाचीही परत झाली. ती परत निवडली गेली. दामिनीही निवडली गेली, क्वालिटी चेकिंगला, ट्रेनी सुपरवायझर. ह्यांना पानठेल्यावर कळलं.

मी यावर बराच विचार केला. निष्कर्ष स्पष्ट आहे. दोघींची नोकरी अखेर माझ्याच चिठ्ठीने लागली. एकीला छोटी चिठ्ठी, एकीला चार पानी. आभाराचा एक शब्द नाही.

सोमवार, ७ एप्रिल. सकाळी ७.२०.

कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावर थांबते. मी झाडांना पाणी घालत होते. झाडं वाळलीत, पण पाणी घालत होते. दामिनी आणि माया, गळ्यात ओळखपत्रं. दामिनीचे टाके निघालेत, कपाळावर तिरकी रेघ. मायाने मला बघून "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हटलं. दामिनीने खिडकीशी बसून समोर बघितलं. बस गेली. तिचा उजवा हात खिडकीत होता. मी नकळत मागे सरकले.

दुपारी.

पार्बताबाईला निरोप पाठवला, झालं गेलं विसरून कामावर ये. उत्तर ह्यांच्या तोंडी. "साहेब, पोरगी म्हने, माय, एकोनीस वर्सं झाली, आता बस. मी म्हनलं, बरं."

एवढंच? "बरं"? एकोणीस वर्षं आणि एका शब्दात?

बुधवार, ९ एप्रिल.

बेचाळीस डिग्री. कॅमेऱ्याचं ॲप दिवसभर उघडं असतं. पार्बताबाई काही नेत तर नाही ना हे बघायला बसवला होता. आता ती येते का ते बघते. एक मांजर आलं. दोनदा.

आज कुकर फुटला. म्हणजे वाफ, झाकण, डाळ, सगळं छताला. शिट्टीच्या खालचं काहीतरी दर वेळी काढून धुवायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती धूत असावी. एकोणीस वर्षं काहीच फुटलं नव्हतं या घरात, हे आज लक्षात आलं.

हे अख्खा दिवस छत पुसत होते. संध्याकाळी चहा केला. घरात कप नाहीत. ह्यांनी खिडकीतला ठिपक्याचा ग्लास घेतला, धुतला, चहा ओतून प्यायले. मग विसळून माझ्यासाठी भरला, समोर ठेवला आणि फिरायला गेले.

वाफ जरा कमी होईपर्यंत बसले. मग प्यायले. स्टीलला ओठ भाजतात. धरायला कपासारखा कान नाही, बोटंही भाजतात.

गुरुवार, १० एप्रिल २०२५. सकाळी १०.४०.

प्रति, श्रीमती पार्बताबाई, पूर्वाश्रमीच्या इंगळे, यांस.

आपण दि. १८ मार्चपासून कामावर विनापरवानगी गैरहजर आहात. त्याबाबत मी कारवाई करणार नाही. तरी खालील बाबींचा खुलासा करावा.

कुकरच्या शिट्टीखालचं काय काढायचं असतं. तुरीच्या डाळीला पाणी किती. साखरेचा मोठा डबा कुठे ठेवला. साहेबांच्या गुडघ्याला कोणतं तेल लावत होता, ते म्हणतात पार्बताबाईलाच ठाऊक. गॅसवाल्याचा नंबर. आणि मंगळवारपासून आपण येणार आहात किंवा कसे.

ग्लासवरचा ठिपका मी रिमूव्हरने काढला आहे. त्याचा अर्थ काही लावू नये. रंग उडालाच होता. ग्लास आता इतर भांड्यांत ठेवला आहे, आणि इतर भांडी फारशी उरलेली नाहीत.

पट्टी पोलिसांकडे आहे.

साहेब विचारतात, पत्र कोणाच्या हाती देऊ, पार्बताबाईला वाचता येत नाही आणि दामिनी ड्यूटीवर असते. संध्याकाळी बस येते तेव्हा कोपऱ्यावर उभं राहून द्या असं मी सांगितलं आहे. दामिनी वाचून दाखवील. तिचं वाचन चांगलं आहे. मी शिकवलंय.

उत्तर रविवार, दि. १३ एप्रिल २०२५ रोजी संध्याकाळी सहा वाजेपर्यंत लेखी द्यावे. "बरं" हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही. त्यानंतर कुकर मी पुन्हा लावणार आहे, आणि होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.